घरगुती देखाव्यासाठी हाताने केलेला ड्रम स्विच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या घरगुती देखाव्यात दिवे आळीपाळीने लावायचे असतात, मध्येच कारंजं सुरू करायचं असतं, पडदा सरकवायचा असतो. हे सगळं ठरलेल्या क्रमाने करणारा स्विच घरी बनवता येतो. खालची उत्तरं १२ व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) चालणाऱ्या जोडणीसाठी आहेत.

ड्रम स्विच म्हणजे नेमकं काय?

पीव्हीसी पाइपचा एक तुकडा मोटरवर सावकाश फिरतो. त्याच्यावर तांब्याच्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि शेजारी ओळीने लावलेले ब्रश (वीज नेणारे, घासत राहणारे तुकडे) त्याच्यावर टेकलेले असतात. ब्रशखाली तांबं आलं की दिवा लागतो, प्लास्टिक आलं की विझतो. मंडळांच्या रोषणाईतले पळते दिवे पूर्वी अशाच फिरत्या ड्रमवर पळायचे. कुठली पट्टी किती लांब आणि कुठे सुरू होते, एवढाच त्याचा प्रोग्रॅम.

आर्डुइनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड) आणि रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) बोर्ड सहज मिळत असताना हा खटाटोप कशाला?

फक्त दिवे लावायचे असतील तर आर्डुइनो घ्या, वेळ वाचेल. ड्रमचं काम निराळं आहे. वीज जोडली कुठे जाते आणि तुटते कुठे, हे त्यात डोळ्यांना दिसतं. शाळेतल्या मुलाला पाच मिनिटांत समजतं, आणि बिघाड झाला तर लॅपटॉप न उघडता सापडतो. शिवाय देखावा बघायला येणारी निम्मी मंडळी मागे वाकून ड्रमच बघतात.

हाच ड्रम थेट घरच्या २३० व्होल्टवर चालवला तर?

नाही. यात 'काळजी घेऊन' वगैरे काही नाही.

ड्रमवरचं तांबं उघडं असतं आणि ब्रशही उघडे असतात. घासून पडणारी तांब्या-कार्बनची पूड दोन पट्ट्यांमधल्या प्लास्टिकवर साचत जाते. १२ व्होल्टला तिचा फारसा त्रास नाही. २३० व्होल्टला तीच पूड विजेची वाट होऊ शकते. वर देखाव्यात कागद, कापड, कापूस, सुकं गवत. भाद्रपदातली दमट हवा आणि ओल्या हातांनी निर्माल्य उचलणारी घरची माणसं हेही धरा. म्हणून नियम सरळ आहे: हाताने केलेलं जे काही आहे ते १२ व्होल्टच्या बाजूला. २३० व्होल्ट फक्त तयार अ‍ॅडॉप्टरमध्ये किंवा एसएमपीएसमध्ये (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणाऱ्या तयार डब्यात) शिरतील. जाळीच्या डब्यातल्या एसएमपीएसचे स्क्रू उघडे असतात, त्यामुळे त्यावर झाकण हवं आणि प्लग तीन पिनांचाच हवा.

२३० व्होल्टचं एखादं उपकरण चालू-बंद करायचंच असेल, तर ते काम बंद डब्यातल्या तयार रिलेकडे द्या आणि ती जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. ड्रमने फक्त रिलेची कॉइल (त्याला चालवणारं तारेचं वेटोळं) चालवावी.

साहित्य काय लागेल आणि कुठे मिळेल?

७५ मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप, साधारण १० सेंटिमीटर लांब. १२ व्होल्टची गिअर मोटर, १० आरपीएमच्या (मिनिटाला १० फेऱ्यांच्या) आसपासची. तांब्याचा किंवा पितळेचा ०.३ मिलिमीटर जाडीचा पत्रा. मिक्सरचे कार्बन ब्रश. वायर, फ्यूज होल्डर आणि सगळं बसवायला एक प्लायवूडची फळी. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेत मोटर, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा), मायक्रोस्विच (हलक्या दाबाने चालणारा छोटा स्विच) सगळं मिळतं. तालुक्याच्या गावी मिक्सर दुरुस्तीवाला आणि भंगारवाला या दोघांत बहुतेक काम भागतं. पत्र्यासाठी नवं शीट विकत घेऊ नका, भांडीवाल्याकडची कातरण पुरते.

जुन्या मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर वापरावी, असा सल्ला पुष्कळ जण देतात. माझं मत विरुद्ध आहे. एक तर तो ओव्हन उघडायचाच नसतो. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर जिवावर बेतेल एवढा चार्ज धरून राहू शकतो. दुसरं, या मोटरा पुष्कळदा २३० व्होल्टच्या असतात आणि चालू केल्यावर कधी उजवीकडे फिरतात, कधी डावीकडे. थाळीला त्याने फरक पडत नाही. ड्रमला पडतो, का, ते ब्रशच्या प्रश्नात येईल.

पट्ट्यांची लांबी कशी काढायची?

७५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपचा घेर साधारण २३५ मिलिमीटर. १० आरपीएमची मोटर एक फेरा ६ सेकंदांत पुरा करते, म्हणजे एका सेकंदाला ब्रशखालून सुमारे ३९ मिलिमीटर पाइप सरकतो. दिवा दोन सेकंद लागायला हवा तर पट्टी ७८ मिलिमीटर. एवढंच गणित.

कागदाची २३५ मिलिमीटर लांब पट्टी कापा. लांबीवर सेकंदांच्या खुणा करा, रुंदीवर दिव्यांच्या ओळी आखा. प्रत्येक ओळीला ८ मिलिमीटर तांबं आणि शेजारच्या ओळीपर्यंत ४ मिलिमीटर मोकळी जागा धरली, तर पाच दिव्यांच्या पाच ओळी आणि सगळ्यांना वीज पुरवणारी कॉमनची एक अशा सहा ओळी ७२ मिलिमीटरांत बसतात. जे लागलेलं हवं ते काळं रंगवा आणि हा कागद पाइपवर गुंडाळून बघा. फेऱ्याचा शेवट आणि सुरुवात जुळते का, हे कागदावरच कळतं. तांबं कापल्यावर कळून उपयोग नाही.

कॉमनची ओळ म्हणजे पूर्ण गोल पट्टी. तिच्यावरचा ब्रश १२ व्होल्टच्या प्लसला जोडायचा आणि बाकीच्या सगळ्या पट्ट्या ड्रमवरच या गोल पट्टीशी जोडायच्या. सोपा मार्ग म्हणजे पत्रा कंगव्यासारखा कापायचा: एका कडेला अखंड दांडी, तिच्यातून निघालेले दात. दूरच्या ओळीची पट्टी मात्र मधल्या ओळी ओलांडून जाऊ शकत नाही. तिथे पट्टीच्या पाठीला आधी वायर सोल्डर करा, पाइपला छोटं भोक पाडून ती वायर आत घ्या आणि आतून कॉमनपर्यंत न्या. क्रम उलटा करू नका. पाइपवर पट्टी चिकटवून मग सोल्डर करायला गेलात तर पीव्हीसी मऊ पडतं, तिथे खळगा होतो आणि दर फेऱ्याला ब्रश त्या खळग्यात उडी मारतो.

पट्टी बसवायची कशी, हाही नेहमीचा प्रश्न. स्क्रू नकोत, त्यांची डोकी ब्रशला अडतात. हॅकसॉच्या पात्याने पाइपवर आडव्या चिरा पाडा, पट्टीची दोन्ही टोकं चार-पाच मिलिमीटर आत वाकवून त्या चिरांत खोचा आणि आतून इपॉक्सी भरा. मग बारीक पॉलिश पेपरने टोकांच्या कडा मोडा. नखाने चाचपल्यावर पट्टी कुठे सुरू होते ते जेमतेम कळलं पाहिजे.

संपूर्ण पाइपला तांबं गुंडाळून नको तिथे सेलोटेप लावली तर?

दोन तास छान चालेल. मग ब्रश टेपची कड उचकटतो.

ब्रश कशाचा करावा?

दोन चांगले पर्याय आहेत. पहिला म्हणजे मिक्सरचा कार्बन ब्रश, स्प्रिंगसकट. ब्रश आत-बाहेर सरकेल पण डुगडुगणार नाही अशी चौकोनी खाच लाकडात किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये करा. कार्बन घासला गेला तरी तांब्याला ओरखडे पाडत नाही आणि ड्रम कुठल्याही दिशेने फिरला तरी चालतो. तोटा असा, की कार्बनच्या टेकण्यावर थोडे व्होल्ट खाल्ले जातात. १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीचा उजेड किंचित उतरलेला दिसतो.

दुसरा पर्याय पितळेच्या लवचीक पट्टीचा. त्यासाठी जुन्या रिलेतली किंवा बॅटरीच्या खणातली स्प्रिंग पट्टी उत्तम. ती फॉस्फर ब्राँझची असली तर वाकून पुन्हा जागेवर येते. साधं तांबं वापरू नका, ते एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं. पट्टीचं टोक चमच्याच्या पाठीगत बाहेर वळवा, म्हणजे धार लागणार नाही. आणि मुख्य मुद्दा: ड्रम ज्या दिशेने फिरतो त्या दिशेलाच पट्टीचं टोक असलं पाहिजे, म्हणजे ड्रम तिला ओढतो. उलट लावली तर तिचं टोक तांब्याच्या कडेत घुसतं, पट्टी दुमडते आणि मोटर अडून बसते. दोन्ही बाजूंना फिरणारी मोटर इथे बाद होते ती याचमुळे.

दाब किती? पट्टी बोटाने उचलल्यावर 'टक्' असा आवाज करून परत बसेल इतका. दाब जास्त झाला तर मोटर दमते, कमी झाला तर दिवा लुकलुकतो.

स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चालेल का?

पहिल्या दिवशी चालते. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने वीज न वाहणारा पातळ थर धरतो, सोल्डर बसत नाही, आणि फॉइल फाटते. तांब्याची चिकट टेप त्यापेक्षा बरी, पण तीही चाचणीपुरती; तिचं तांबं इतकं पातळ असतं की ब्रश काही तासांत खालचा पाइप दाखवतो.

ब्रशजवळ ठिणग्या उडतात आणि पट्टीचं टोक काळं पडतं. काय करावं?

आधी नीट पाहा, ठिणगी पडते ती पट्टी सुरू होताना की संपताना. बहुतेक वेळा संपतानाच पडते. स्विच बिघडतात ते सहसा वीज तोडताना, आणि घरी स्विच करणाऱ्यांचं सगळं लक्ष मात्र तो लागतो कसा याकडे असतं.

वीज तुटताना दोन धातूंमधलं अंतर हळूहळू वाढतं. शेवटच्या टेकणाऱ्या टोकातून सगळा करंट जातो, ते तापतं आणि हवेतून विजेचा झोत (आर्क) सुरू होतो. एसीमध्ये ५० हर्ट्झचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे झोत विझायला संधी मिळते. डीसीला अशी संधी नाही. म्हणूनच एकाच स्विचवर एसीसाठी मोठा आकडा आणि डीसीसाठी त्याहून बराच लहान आकडा लिहिलेला असतो, आणि '५ अँपिअर, २५० व्होल्ट एसी' वाचून तो डीसीवर तेवढाच चालेल असं धरणं चूक.

आपल्या बाजूने एक गोष्ट आहे. तांब्याच्या दोन टोकांमध्ये झोत टिकायला साधारण १३ व्होल्ट आणि सुमारे ०.४ अँपिअर लागतात; चांदीला १२ व्होल्टच्या आसपास. त्यामुळे १२ व्होल्टच्या साध्या एलईडी पट्टीवर मोठा झोत धरत नाही, बारीक चमक दिसते. ठिणगी जोरात उडत असेल तर त्या ओळीवर मोटर, पंप किंवा रिलेची कॉइल आहे का ते बघा. कॉइलमधला करंट एकदम तोडला की ती स्वतः उलट व्होल्टेज उभं करते, आणि ते १२ च्या कितीतरी पट असू शकतं.

उपाय स्वस्त आहे. त्या कॉइलच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड लावा, डायोडवरच्या पट्ट्याची बाजू प्लसकडे. उलटा लावलात तर सरळ शॉर्ट होईल आणि फ्यूज उडेल. डायोड ड्रमजवळ न लावता पंपाजवळ किंवा रिलेजवळ लावा.

तरीही पट्टी काळी पडत असेल तर करंट कमी करा. ओळीवर १२ व्होल्टचा छोटा रिले ठेवा. त्याची कॉइल साधारण ४०० ओहमची असते, म्हणजे ड्रमला जेमतेम ३० मिलिअँपिअर तोडायचे राहतात आणि दिव्याचा सगळा भार रिलेची टोकं उचलतात.

माझा देखावा एका मिनिटाचा आहे. १ आरपीएमची मोटर लावली तर?

ड्रमसाठी ती फार मंद. त्या गतीला ब्रशखालून सेकंदाला फक्त ४ मिलिमीटर सरकतात, म्हणजे ब्रश पट्टीवरून रेंगाळत उतरतो आणि तोडण्याचा क्षण लांबतो. कार्बनची ठिसूळ कड या रेंगाळण्यात दिवा दोन-तीनदा लुकलुकवते.

इथे ड्रम सोडून कॅम (कड कापून आकार दिलेल्या चकत्या) आणि मायक्रोस्विच घ्या. एका दांड्यावर ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकच्या किंवा एमडीएफच्या चकत्या ओवायच्या, प्रत्येकीची कड हव्या त्या जागी कापून खोलगट करायची आणि तिच्यावर चाकवाला मायक्रोस्विच टेकवायचा. चकती कितीही सावकाश चढली तरी आतली स्प्रिंग एका ठरावीक बिंदूला उलटते आणि टोक फटकन सुटतं. हे तत्त्व जुनं आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सने १८८४ साली झटक्याने सुटणारा दिव्याचा स्विच केला, तो याच कारणासाठी: माणसाचा हात मंद असला तरी स्विच मंद सुटता कामा नये. भिंतीवरच्या बटणाचा 'खट्' आवाज येतो तो या झटक्याचाच.

मायक्रोस्विचवर तीन पिना असतात: कॉमन, एनओ (दाबल्यावर कॉमनशी जोडली जाणारी) आणि एनसी (दाबेपर्यंत कॉमनशी जोडलेली). कॉमन आणि एनओ वापरलात तर चकतीच्या उंच भागावर दिवा लागतो. कॉमन आणि एनसी वापरलात तर खोल भागावर. चकती चुकीची कापली गेली असेल तर वायर दुसऱ्या पिनेवर हलवून पुष्कळदा निभावतं.

चकती दांड्यावर लगेच चिकटवू नका. दोन बाजूंना नट आवळून धरा, म्हणजे दिव्याची वेळ मागेपुढे करायची तर नट सैल करून चकती फिरवता येते. सगळं जुळल्यावरच इपॉक्सी लावा.

काहीही न घासणारा स्विच करता येतो का?

येतो. रीड स्विच. काचेच्या बारीक नळीत दोन लोखंडी पात्या असतात, चुंबक जवळ आलं की त्या चिकटतात. टोकं काचेत बंद असल्याने धूळ आणि ओल लागत नाही. ड्रमवर पट्टीऐवजी छोटी चुंबकं चिकटवली की झालं. पण त्याची ताकद थोडी, रिलेची कॉइल किंवा आर्डुइनोची पिन एवढीच कामं द्या. पिन वाकवताना तिचा काचेलगतचा भाग पकडीने धरून मगच वाकवा, नाहीतर काच तडकते.

पाऱ्याचा स्विच मात्र घरी करू नका आणि जुना मिळाला तर वापरूही नका. काच फुटून पारा सांडला तर त्याची वाफ विषारी असते. कलण्यावर चालणारा स्विच हवा असेल तर आत गोळी असलेला तयार मिळतो.

आर्डुइनो एका दाबाचे दोन-तीन दाब मोजतो. स्विच खराब आहे का?

नाही, टोकं टेकताना उडतात. काही मिलिसेकंदांत ती अनेकदा लागतात-सुटतात. दिव्याला ते कळत नाही, आर्डुइनोला कळतं. प्रोग्रॅममध्ये पहिल्या बदलानंतर २० मिलिसेकंद थांबा. हाताने वाकवलेल्या पट्टीचा स्विच असेल तर ५० करा.

पडदा आपोआप उघडून टोकाला थांबायला हवा. मोटर अडून गरम होते.

मोटरच्या एका वायरमध्ये दोन मायक्रोस्विच एकामागोमाग जोडा, दोन्ही एनसी पिनेवर. एक डावीकडच्या टोकाला, एक उजवीकडच्या. पडदा टोकाला पोचला की तिथला स्विच दाबला जातो आणि मोटर थांबते. एवढंच केलं तर पडदा तिथेच अडकतो, कारण परत यायलाही वाट तुटलेली असते. म्हणून प्रत्येक स्विचवर एक डायोड आडवा लावा, दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेने. मग ज्या टोकाला पडदा आहे त्या दिशेचा करंट अडतो आणि उलट दिशेचा डायोडमधून जातो. छोट्या मोटरला १एन४००७ पुरतो. मोटर एक अँपिअरच्या वर घेत असेल तर ३ अँपिअरचा १एन५४०८ घ्या.

दिशा बदलायला दोन पोलचा (दोन वायरी एकदम बदलणारा) रिले लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरी एकमेकींत ओलांडून जोडल्या की रिले लागला की प्लस-मायनस उलटतात. त्याची कॉइल ड्रमच्या किंवा कॅमच्या एका ओळीवर द्या. ती ओळ लागलेली असेतो पडदा उघडा, तुटली की बंद. मोटर कधी थांबवायची याची फिकीर राहत नाही.

फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे?

पॉवर सप्लायच्या प्लसमधून निघाल्या निघाल्या, ड्रमच्या आधी. आकडा काढायला भार मोजा. एलईडी पट्टीवर मीटरला किती वॉट ते लिहिलेलं असतं. ४.८ वॉटची पाच मीटर पट्टी २४ वॉट, म्हणजे २ अँपिअर घेते; १४.४ वॉटची तेवढीच पट्टी ७२ वॉट, म्हणजे ६ अँपिअर. दोन्ही दिसायला सारख्याच, आणि दुकानदार नुसतं 'एलईडी पट्टी' म्हणून देतो, म्हणून गुंडाळीवरचा आकडा बघूनच घ्या. एकाच वेळी लागणाऱ्या सगळ्यांची बेरीज करा आणि त्याच्या लगतचा वरचा फ्यूज घ्या. गाडीचे ब्लेड फ्यूज स्वस्त आणि सोयीचे. वायर फ्यूजवरचा आकडा न पेलणारी बारीक नको, नाहीतर फ्यूजच्या आधी तीच तापेल.

ड्रम मध्येच थांबला तर?

ज्या ओळीवर थांबला ती ओळ लागलेलीच राहील. दिव्याला काही होत नाही. कारंज्याचा पंप मात्र भांड्यातलं पाणी संपल्यावर कोरडा फिरून जळू शकतो. झोपताना आणि घराला कुलूप लावताना मुख्य प्लग काढायचा, ही सवय घरच्या सगळ्यांनाच लावा.

पावसाळी हवेत तांबं हिरवं-काळं पडतं. वंगण लावावं का?

ब्रशखालची जागा ब्रशच घासून स्वच्छ ठेवतो. बाजूचं काळं पडलं तर पडू द्या. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यात पूड चिकटून लेप होतो. दोन-तीन दिवसांनी प्लग काढून कोरड्या कुंचल्याने ओळींमधली पूड झाडा. लोखंडी पत्र्याच्या डब्यांपासून केलेल्या पट्ट्या मात्र अनंत चतुर्दशीपर्यंतही टिकत नाहीत, गंजतात.

मोटरचा घरघराट आरतीतही ऐकू येतो.

मोटर थेट प्लायवूडला आवळली असेल तर फळीच आवाज वाढवते. मध्ये जुन्या ट्यूबच्या रबराचे तुकडे घाला, आणि मोटरचा दांडा ड्रमला जोडताना रबरी नळीचा तुकडा वापरा.

मंडळाच्या मंडपात हाच ड्रम मोठा करून लावता येईल का?

नको. मंडपात भार मोठा, वायरी लांब, पाऊस आत येतो आणि गर्दीतला कोणीही कुठेही हात लावतो. महावितरणची अधिकृत तात्पुरती जोडणी, परवानाधारक ठेकेदार आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांच्याशिवाय मंडपात वीज घ्यायचीच नसते. हलत्या देखाव्यासाठी छोटा कॅम संच १२ व्होल्टवर चालवा आणि त्याची टोकं ठेकेदाराच्या रिले पॅनलला द्या. पॅनलच्या आतलं काम त्याचं. पॅनल लागल्यावर ठेकेदाराला आरसीसीबीचं 'टेस्ट' बटण तुमच्यासमोर दाबून दाखवायला सांगा. आरसीसीबी तिथल्या तिथे बंद पडली नाही तर वीज सुरू करू देऊ नका.